बिघडलेल्या प्रेमप्रकरणाची गुन्हेकथा सीमाभागात कशी रचावी

विवाहबाह्य संबंध, त्यातून शिजलेला कट आणि कट तडीस जाऊनही हाती काहीच न लागणे, ही नॉयर कथेची जुनी चौकट आहे. निनो फ्रँक या फ्रेंच समीक्षकाने १९४६ मध्ये काही अमेरिकी गुन्हेपटांना ‘फिल्म नॉयर’ म्हटले. तीच वृत्ती नव्या काळात, नव्या शहरांत आणि रंगीत पडद्यावर आली तेव्हा तिला निओ-नॉयर हे नाव मिळाले. मराठीत अशा कथा लिहिल्या जातात, परंतु त्या बहुधा मुंबई-पुण्यात घडतात आणि त्यांतील पोलीस, वकील व रस्ते एकमेकांसारखेच असतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी लेखकाकडे याहून चांगला ऐवज पडून आहे. दोन राज्यांची हद्द, दोन भाषांतील कागदपत्रे आणि सगळे सगळ्यांना ओळखतात असे शहर या तीन गोष्टींचा कथानकात यंत्रासारखा उपयोग कसा करावा, हे पुढे क्रमाने मांडले आहे. आधाराला एकच कल्पित कथा घेतो: बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्री, म्हणजे धातूच्या ओतकामाचा कारखाना, चालवणारा पती, निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्याच्या घरातून आलेली त्याची पत्नी आणि फाउंड्रीचे हिशेब पाहणारा, मूळचा गडहिंग्लजचा करसल्लागार.

पहिली पायरी: कोणी केले हे लपवू नका

रहस्यकथेत वाचक शेवटपर्यंत गुन्हेगार शोधतो. नॉयरमध्ये तो गुन्हेगारासोबतच चालत असतो आणि हा माणूस नेमका कुठे अडकणार, याची त्याला धास्ती वाटते. म्हणून पतीला पत्नी आणि हिशेबनीस यांनीच मारले, ही गोष्ट कथेच्या पहिल्या एक-तृतीयांश भागातच उघड करावी. त्यानंतर कथेला चालवणारा प्रश्न एकच उरतो: या दोघांपैकी आधी कोण फुटणार?

निवेदक निवडताना प्रथमपुरुषाचा मोह होतो. मराठीत गुन्हेगाराचे ‘मी’ फार लवकर कैफियत मांडू लागते आणि वाचकापुढे आरोपीचा वकील उभा राहतो, असे माझे मत आहे. त्यापेक्षा तृतीयपुरुषी निवेदन हिशेबनीसाच्या खांद्यामागे ठेवावे; त्याला जे दिसते तेवढेच वाचकाला दिसावे, आणि पत्नीच्या मनात काय आहे हे त्यालाही, वाचकालाही कधी पुरते कळू नये.

दुसरी पायरी: प्रेमाआधी हिशेब लिहा

पहिले प्रकरण लिहिण्याआधी एक वही घ्यावी आणि तिन्ही पात्रांचे देणे-घेणे तारखेनिशी मांडावे. फाउंड्रीवर कोणत्या सहकारी पतसंस्थेचे कर्ज आहे, जामीन कोण राहिले, कास्टिंगची ऑर्डर देणाऱ्या कंपनीने बिल किती महिने अडकवले, शेतजमिनीच्या उताऱ्यावर कोणाकोणाची नावे आहेत, भावकीत वाटणी झाली आहे की नाही, पत्नीच्या माहेराहून आलेला पैसा कोणत्या खात्यातून धंद्यात शिरला, हे सगळे त्यात यावे. ही वही भरली की प्रेमप्रकरण आपोआप जागेवर बसते, कारण हिशेबनीस हा त्या घरातील एकच असा बाहेरचा माणूस आहे की ज्याला घर किती पोकळ झाले आहे हे ठाऊक आहे. पत्नी त्याच्याकडे पहिल्यांदा ओढली जाते ती याच कारणाने, कारण तिला आजवर कोणी खरा आकडा सांगितलेला नसतो.

येथेच दोन कायदेशीर गोष्टी पक्क्या करून घ्याव्यात, कारण त्यांच्यावर कथेचा शेवट उभा राहू शकतो. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २५ नुसार खून करणाऱ्या किंवा खुनाला साहाय्य करणाऱ्या व्यक्तीला मृताच्या मालमत्तेचा वारसा मिळत नाही. म्हणजे ज्या फाउंड्रीसाठी आणि जमिनीसाठी पत्नी या कटात उतरते, ती तिला फक्त गुन्हा उघड न झाल्यासच मिळू शकते. उघड झाला की सगळे दिरांकडे किंवा मुलांकडे जाते. दुसरी गोष्ट विम्याची. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे पॉलिसीला ३ वर्षे पूर्ण झाल्यावर माहिती लपवल्याच्या कारणावरून ती वादात ओढता येत नाही. त्याआधी मात्र कंपनी खोलात शिरू शकते. हिशेबनीसाला हे कलम माहीत असणारच. म्हणून तो थांबायला सांगतो, ती थांबायला तयार नसते, आणि पहिले भांडण प्रेमावरून न होता तारखेवरून होते. असे भांडण वाचकाच्या मनात जास्त काळ राहते.

तिसरी पायरी: भेटीच्या जागा आणि त्यांचे माग

बेळगाव मोठे शहर आहे, परंतु गणपत गल्लीत खरेदीला गेलेली बाई ओळखीच्या चार माणसांना न भेटता घरी येत नाही. टिळकवाडीतील रेल्वे फाटक पडले की दोन्ही बाजूंच्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात आणि काचेआड कोण बसले आहे हे शेजारच्या दुचाकीस्वाराला सावकाश पाहता येते. प्रेमिकांना शहराबाहेर ढकलणारी ही कारणे आधी दाखवावीत. मगच त्यांना रस्त्यावर आणावे.

बाहेर जाण्याचे रस्ते तीन. महामार्गाने संकेश्वर, निपाणी करत कोल्हापूरकडे गेले तर टोलनाक्यांवर फास्टॅगची नोंद राहते. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा असल्याने रोख देऊन निसटण्याची पळवाट जवळपास संपली आहे. जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटाने गोव्याकडे गेले तर परतताना अबकारी खात्याची तपासणी असते. मला हा नाका कथेसाठी फार उपयोगी वाटतो: खुनाचा विचार डोक्यात असलेले जोडपे दारूच्या दोन बाटल्यांपायी अडवले जाते आणि त्या क्षुल्लक नोंदीत दोघांची नावे एका गाडीत, एका तारखेला कायमची बसतात. तिसरा रस्ता वेंगुर्ल्याचा, हिंडलग्यावरून शिनोळीकडे आणि पुढे चंदगड तालुक्यात जाणारा. याच हिंडलग्यात मध्यवर्ती कारागृह आहे. गाडी प्रत्येक भेटीला त्याच्यासमोरून जाते, हे एकदाच आणि ओझरते लिहावे; दोनदा लिहिले तर लेखक वाचकाला कोपराने ढोसतो आहे असे वाटेल.

भेटींमध्ये ऊब असू द्यावी. हे दोघे वाईट आहेत हे ठरवून लिहिलेली प्रेमाची दृश्ये निर्जीव होतात. वाचकाला निदान दोन प्रकरणे तरी वाटले पाहिजे की हे लोक वेळीच पळून गेले असते तर बरे झाले असते.

चौथी पायरी: हद्दीला काम द्या

सीमाभागातील बऱ्याच कथांत सीमा ही केवळ पाटी असते. तिला काम द्यायचे असेल तर तीन ठिकाणी देता येते.

पहिले ठिकाण म्हणजे प्रेत. पती हरवल्याची तक्रार बेळगाव शहरात होते आणि अनोळखी प्रेत चंदगड तालुक्यातील एका ओढ्यात सापडते. जेथे प्रेत सापडते तेथील पोलीस इन्क्वेस्ट पंचनामा करतात, त्यामुळे महाराष्ट्रात अकस्मात मृत्यूची नोंद होते. तेच प्रेत कर्नाटकात सापडले असते तर ठाण्यात त्याला ‘यूडीआर’ (अनैसर्गिक मृत्यूची नोंद) म्हटले गेले असते. एका राज्यात हरवलेला माणूस आणि दुसऱ्या राज्यात सापडलेला अनोळखी देह यांची गाठ पडेपर्यंत जो वेळ जातो, तीच या दोघांची मोकळीक. कथेचा मधला भाग या मोकळ्या दिवसांत घडवावा. त्या दिवसांत पत्नी तेराव्याची तयारी करू शकत नाही आणि मंगळसूत्रही काढू शकत नाही. नातेवाईक जमतात, देव्हाऱ्यात नवस बोलले जातात, आणि हिशेबनीस रोज ‘वैनींच्या’ कागदांवर सह्या घ्यायच्या आहेत म्हणून घरी येतो.

दुसरे ठिकाण मोबाईल. कर्नाटक हे स्वतंत्र दूरसंचार मंडळ आहे आणि महाराष्ट्र व गोवा मिळून दुसरे. हद्दीलगतच्या गावांत फोन कधी अलीकडचा, कधी पलीकडचा टॉवर पकडतो. याचा उपयोग बहुतेक लेखक आरोपीला पकडण्यासाठी करतील. त्याऐवजी तो एका निर्दोष माणसाला अडकवण्यासाठी करून पाहावा. फाउंड्रीचा जुना ड्रायव्हर हद्दीवरच्या गावात राहतो. त्या रात्री तो घरी झोपलेला असताना त्याचा फोन महाराष्ट्रातील टॉवरवर दिसतो आणि संशय त्याच्यावर जातो. आता हिशेबनीसाला गप्प राहायचे आहे. गप्प राहणे हा त्याचा दुसरा गुन्हा, आणि पहिल्यापेक्षा तो अधिक लाजिरवाणा आहे.

तिसरे ठिकाण कारवाईची हद्द. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते आणि मग ती संबंधित ठाण्याकडे वर्ग होते; यालाच झिरो एफआयआर म्हणतात. गुन्ह्याचा एक भाग एका हद्दीत आणि दुसरा भाग दुसऱ्या हद्दीत घडला असेल, तर दोहोंपैकी कोणत्याही ठिकाणच्या न्यायालयात खटला चालू शकतो. म्हणून ‘हद्द बदलली की सुटलो’ हा हिशेबनीसाचा समज चुकीचाच दाखवावा. हद्दीमुळे वेळ मिळतो, सुटका मिळत नाही.

सीमाप्रश्नाचे राजकारण कथेत आणायचे की नाही, हे लेखकाने ठरवावे. मी ते पार्श्वभूमीत ठेवीन, पण त्याचा बंदोबस्त वापरीन. १ नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, किंवा बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते त्या दिवसांत शहरात आणि नाक्यांवर पोलीस वाढतात, तणाव असला तर दोन्ही राज्यांच्या बसगाड्या हद्दीपर्यंतच धावतात. प्रेत गाडीत असलेल्या माणसाने कॅलेंडर पाहिले नाही, एवढ्यावर एक पूर्ण प्रकरण उभे राहू शकते.

पाचवी पायरी: कायदा तारखेसह तपासा

कथा १ जुलै २०२४ नंतर घडत असेल तर खुनाचे कलम ३०२ राहिलेले नाही; भारतीय न्याय संहितेत ते १०३ आहे, पुरावा नष्ट करण्याचे २३८ आणि कटाचे ६१. लोक बोलताना अजून ‘तीनशे दोन’ म्हणतात, तेव्हा संवादात ते चालेल. आरोपपत्रात चालणार नाही. व्यभिचार हा २७ सप्टेंबर २०१८ पासून गुन्हा नाही, कारण सर्वोच्च न्यायालयाने जोसेफ शाइन प्रकरणात कलम ४९७ घटनाबाह्य ठरवले. घटस्फोटाचे कारण म्हणून तो कायम आहे. त्यामुळे ‘पोलिसांत देईन’ ही पतीची धमकी आज पोकळ आहे. खरी धमकी घटस्फोटाची, मुलांच्या ताब्याची आणि माहेरचा पैसा परत न देण्याची असू शकते.

पतीच चिडून प्रियकराला मारतो, अशी उलटी मांडणी करायची असेल तर नानावटी खटला नीट वाचावा. २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत नौदल अधिकारी के. एम. नानावटी यांनी प्रेम आहुजा यांना गोळ्या घातल्या. ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मताने त्यांना निर्दोष ठरवले, उच्च न्यायालयाने तो कौल मानला नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये शिक्षा कायम केली. पत्नीची कबुली आणि गोळीबार यांच्या मधल्या वेळेत त्यांनी कुटुंबाला सिनेमागृहात पोहोचवले आणि जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतले, म्हणून प्रक्षोभ गंभीर असला तरी अचानक राहिला नाही, असे न्यायालयाने धरले. लेखकासाठी यात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे मधला वेळ. त्या वेळेत पात्र काय काय करते याची प्रत्येक ओळ पुढे न्यायालयात त्याच्या विरुद्ध वाचली जाणार आहे, हे ध्यानात ठेवून ती ओळ लिहावी.

सहावी पायरी: ठाण्यातील भाषा

सीमाभागातील गुन्हेकथेचा सर्वांत कसदार भाग हाच आहे, आणि तोच सर्वांत दुर्लक्षित राहिला आहे. पत्नी तोंडी तक्रार देते ती मराठीत. ठाण्यातील राइटर ती कन्नडमध्ये लिहून घेतो, वाचून दाखवतो, समजावून सांगतो आणि खाली सही घेतो. येथे बहुतेक लेखक ‘तिला कळलेच नाही आणि तिने सही केली’ असा करुण प्रसंग लिहितील. आपल्या कथेत त्याच्या उलट करावे. ती निपाणीच्या व्यापाऱ्याची मुलगी आहे. लहानपणापासून पेढीवर बसून तिने हुक्केरी-गोकाककडच्या शेतकऱ्यांची कन्नड ऐकली आहे आणि ती तिला उत्तम येते. बेळगावात, सासरच्या मराठी वातावरणात, तिने ते कधी कोणाला दाखवले नाही. ठाण्यातही ती दाखवत नाही. त्यामुळे दुभाषा बोलत असताना तिला उत्तराची तयारी करायला दुप्पट वेळ मिळतो, आणि पीएसआय आपल्या हवालदाराशी कन्नडमध्ये जे बोलतो तेही तिला फुकट ऐकायला मिळते. ड्रायव्हरवर संशय आहे हे हिशेबनीसाला तिच्याकडूनच कळते, आणि तिला ते कसे कळले याचा विचार त्याच्या मनात बराच उशिरा येतो.

हे गुपित फुटायला मोठा प्रसंग लागत नाही. हवालदार कन्नडमध्ये विनोद करतो आणि तिच्या ओठाची कड हलते. किंवा राइटर वाचून दाखवताना वेळ चुकवतो आणि दुभाष्याने मराठीत सांगण्याआधीच तिची मान नकारार्थी हलते. हे पाहणारा अधिकारी काहीच बोलत नाही, असे लिहावे. पुढच्या खेपेला तो तिच्यासमोर मुद्दाम कन्नडमध्ये खोटे बोलतो, आणि त्या खोट्यावर कोण धावते याची वाट पाहतो.

काही तांत्रिक बाबी येथेच सांभाळाव्यात. पोलिसांनी तपासात नोंदवलेल्या साक्षीदाराच्या जबाबावर साक्षीदाराची सही घेतली जात नाही. फिर्यादीवर फिर्यादीची आणि पंचनाम्यावर पंचांची घेतली जाते. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही, मात्र त्या कबुलीवरून एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग ठरतो. म्हणून कोठडीतील रडारडीचा कबुलीजबाब लिहिण्यात शाई घालवू नये. मार्कंडेय नदीच्या काठी पंचांसमोर चिखलातून बाहेर निघणारा मोबाईल लिहावा. कर्नाटकात सीपीआय (सर्कल पोलीस इन्स्पेक्टर) हे पद असते, बेळगाव शहरात पोलीस आयुक्तालय आहे आणि जिल्ह्याच्या उरलेल्या भागाला पोलीस अधीक्षक. मुंबईच्या कथांमधील पदनामे उचलून येथे लावू नयेत.

संवादांत बेळगावी मराठी जपून वापरावी. पात्रांच्या तोंडी ती यावी, निवेदनात येऊ नये. ड्रायव्हर आणि पत्नी यांच्यातील हे बोलणे पाहा:

“मामा, त्या रात्री साहेब किती वाजता आले होते?”

“मला काय ठावं वैनी, मी तर दहालाच घरला गेलतो की.”

ती त्याला मामा म्हणते, तो तिला वैनी म्हणतो, आणि याच माणसाला ती आठवड्याभरात अडकू देणार आहे. निवेदकाने त्यावर एक शब्दही बोलायची गरज नाही.

सातवी पायरी: पाऊस

खानापूर आणि चंदगडकडचा जून ते सप्टेंबरचा पाऊस नॉयरला आयता मिळतो, म्हणूनच तो वातावरणासाठी वाया घालवू नये. त्याच्याकडून पुरावा काढून घ्यावा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये महापुरामुळे पुणे-बेंगळुरू महामार्ग कोल्हापूर-निपाणी भागात बंद पडला होता. कथा त्या दिवसांत ठेवली, तर ‘मी रात्री कोल्हापूरहून गाडीने आलो’ हे हिशेबनीसाचे सांगणे एका वर्तमानपत्राच्या कात्रणाने कोसळते. मात्र त्या सालांत कथा ठेवली तर जुनी दंडसंहिता लागू होईल, हे विसरू नये.

आठवी पायरी: कोण फुटतो

अटकेनंतर कथेला घड्याळ लागते. खुनाच्या प्रकरणात ९० दिवसांत आरोपपत्र दाखल झाले नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. या ९० दिवसांत दोघांची भेट होत नाही, वकील वेगवेगळे असतात, आणि दोघांनाही ठाऊक असते की एकाला माफीचा साक्षीदार होता येईल. माफीची अट अशी की गुन्ह्याविषयी जे ठाऊक आहे ते सगळे खरे आणि पूर्ण सांगायचे. काही लपवले तर माफी हातची जाऊन त्याच्यावरही खटला चालू शकतो. शिवाय आधीच जामिनावर नसेल तर खटला संपेपर्यंत त्याला कोठडीतच राहावे लागते. म्हणजे प्रेयसीला विकून हिशेबनीस त्या दिवशी घरी जात नाही. हिंडलग्यातच राहतो, आणि तारखेला न्यायालयात तिच्यासमोर उभा राहून भेटी, बाटल्या, विम्याची तारीख, सगळे क्रमाने सांगतो. ‘पूर्ण’ या अटीत ड्रायव्हरविषयी त्याने पाळलेले मौनही येते. ती शेवटची गोष्ट तो सांगतो की गिळतो, यावर कादंबरीचा शेवट ठरवावा. मी ती त्याला गिळायला लावीन, आणि उलटतपासणीत ती बाहेर काढणारा प्रश्न तिच्या वकिलाच्या हातातील कागदावर तिच्याच अक्षरात, कन्नडमध्ये लिहिलेला असेल.

नववी पायरी: दाखवून घ्या

पहिला खर्डा पूर्ण झाल्यावर तो तीन माणसांना द्यावा. बेळगावच्या न्यायालयात फौजदारी काम करणाऱ्या वकिलाला पाचवी ते आठवी पायरी ज्या प्रकरणांत येते तेवढीच द्यावीत आणि शिक्षा झाली तर अपील कोठे जाईल असे मुद्दाम विचारावे. २०१३ पासून धारवाडला उच्च न्यायालयाचे कायम खंडपीठ आहे, त्यामुळे पात्रांना बेंगळुरूला पाठवण्याचे कारण नसते. उद्यमबागेतील एखाद्या हिशेबनीसाला वहीची पाने द्यावीत, कथा सांगू नये, आणि या आकड्यांवर फाउंड्री किती महिने तग धरेल एवढेच विचारावे. तिसरा वाचक कन्नड बोलणारा असावा. त्याला ठाण्यातील प्रसंग मोठ्याने वाचून दाखवावा, आणि पत्नीची मान नेमक्या कोणत्या वाक्याला हलली पाहिजे, हे त्याच्याकडून ठरवून घ्यावे.